पिशवीतली सूर्यफुलं

आमच्या कॉलेजात एक अलिखित नियम होता. कुणाच्याही घरी बारसं असलं तर वनस्पतिशास्त्राच्या सरांना पेढा टेबलावर नेऊन द्यायचा, आमंत्रण द्यायचं नाही. हा नियम झाला तो टेंभी नाक्यावरच्या एका बारशानंतर. आमच्या हेडक्लार्कांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, आणि कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "नाक बघा, अगदी बापाचं!" सर पुढे झाले, पाळण्यात वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "नाकावरून काही सिद्ध होत नाही." खोलीत चिडीचूप. सरांना वाटलं लोकांना ऐकण्यात रस आहे, म्हणून त्यांनी पुढे समजावलं, "दिसण्यावर कधी जाऊ नये. सारखी दिसणारी सख्खी असतातच असं नाही." हेडक्लार्कांच्या सासूबाईंनी सरांच्या हातातली घुगऱ्यांची वाटी काढून घेतली.

त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. ते सूर्यफुलांविषयी बोलत होते. ते नेहमीच सूर्यफुलांविषयी बोलत असत, फक्त समोरच्याला ते वेळेवर कळत नसे.

मी त्याच कॉलेजात, ठाण्याला, रसायनशास्त्र शिकवायची. त्यांची प्रयोगशाळा माझ्या प्रयोगशाळेला लागून, मधे एक दार. मी नवी होते तेव्हा ते दार बंद ठेवायचा प्रयत्न केला. सर ते ढकलून यायचे, माझ्या टेबलावरचं एखादं रसायन उचलायचे, "नंतर देतो" म्हणायचे आणि जायचे. नंतर म्हणजे कधी, ते मी निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात पेनांच्या जोडीला चित्रकाराचा एक बारीक ब्रश. खिशाच्या तळाशी बिया. त्यांचा शर्ट एकदा बादलीत दोन दिवस भिजत राहिला, तर खिशात मोड आले होते, असं वहिनी सांगायच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सर त्यावर म्हणाले होते, "उगवण चांगली आहे."

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात सर एक भलंमोठं सूर्यफूल टेबलावर आपटायचे आणि विचारायचे, "ही किती फुलं आहेत?" कुणीतरी बिचारं "एक" म्हणायचं. मग सर खूश. "ही अख्खी चाळ आहे चाळ! मधल्या प्रत्येक खोलीत एक फूल राहतं, आणि प्रत्येकाचा संसार वेगळा." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते पाठ आहे. तेव्हा वैताग यायचा. आता कुणी परत म्हणून दाखवलं तर मी हातातलं काम टाकून ऐकत बसेन.

आपल्याकडे तेलासाठी लावतात त्या सूर्यफुलाला अमेरिकेत पुष्कळ रानटी भाऊबंद आहेत. कोणी माळावर उगवतं, कोणी रेताडात, कोणी थेट वाळवंटातल्या वाळूत. त्यांतल्या तिघांवर सरांचा जीव जडला होता. त्यांची लॅटिन नावं मला कधी उच्चारता आली नाहीत, म्हणून सरांनीच माझ्यासाठी सोपी नावं ठेवली, उंचं, बुटकं आणि वाळवंटी. सरांचं म्हणणं असं, की वाळवंटी हे मुळात उंच्याचं आणि बुटक्याचं मूल आहे. फार फार पूर्वी कधीतरी त्या दोघांचा संकर झाला, आणि जे जन्मलं ते आईबापांपासून दूर जाऊन वाळूत राहिलं, तिथलंच झालं. दिसायला ते दोघांसारखंही नव्हतं. पण दिसण्यावर जायचं नाही, हे तर सरांचं ब्रीदच होतं.

मग जायचं कशावर? आत काय आहे त्यावर. बियांना मोड आणायचे, ते ठेचून रस काढायचा, स्टार्चच्या थरात तो रस ठेवायचा आणि त्यातून वीज सोडायची. रसातली वेगवेगळी द्रव्यं वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात. नंतर त्या थराला रंग दिला की आडवे पट्टे उमटतात. कुणाचा पट्टा कुठे पडणार हे त्याच्या रक्तात, म्हणजे जनुकांत, ठरलेलं असतं. मुलाच्या अंगात आईचेही पट्टे सापडतात आणि बापाचेही. पुढे डीएनए थेट वाचायची सोय झाली, पण ऐंशीच्या दशकात ठाण्यातल्या एका साध्या कॉलेजात हे पट्टे मिळणं हीच चैन होती.

वीज सोडली की थर तापतो, म्हणून बर्फ लागायचा. आमच्या कॉलेजात बर्फ करायचं यंत्र नव्हतं. सर सकाळी मासळी बाजारात जायचे आणि एका कोळणीकडून बर्फाचा खडा गोणपाटात बांधून आणायचे. एकदा मी मासे घ्यायला गेले तेव्हा हा व्यवहार प्रत्यक्ष बघितला.

"मास्तर, तू मावरा त कवा घेत नाय," ती म्हणाली. "आवरा बरफ रोज कंय नेतंस? घरान कोन मेलाय का?"

"नाही हो. सूर्यफुलांना लागतो."

कोळणीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे खरं आहे. तिने एक खडा वरून आणखी दिला. त्यानंतर दिवसभर आमच्या दोन्ही प्रयोगशाळांना बोंबलाचा वास यायचा. सर पक्के शाकाहारी, पण त्यांना तो वास कधी आलाच नाही.

स्टार्चचा थर शिजवायचं काम वहिनींनी त्यांना शिकवलं. सरांच्या थरात गुठळ्या व्हायच्या. वहिनी म्हणाल्या, "कुरडयांचा चीक घोटतात तसा घोटा, हात थांबवू नका." सर उभ्याउभ्या चीक घोटायचे आणि मुलं दारातून बघून हसायची. सर त्यांना आत बोलावून घोटायला लावायचे.

सर आणि वहिनी डोंबिवली पश्चिमेला, कोपरला राहायचे. सर्वांत वरचा मजला आणि त्यावर गच्ची. त्यांना मूल नव्हतं, आणि सरांच्या संशोधनाचा विषय ऐकला की लोक त्याचा नको तो संबंध लावून हळहळायचे. मला त्याचा राग येई. दोघं मजेत होती. वहिनी रत्नागिरीकडच्या, मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या, बोलायला खणखणीत. सर शास्त्रातलं काही सांगायला लागले की त्या मधेच विचारायच्या, "म्हणजे काय?" आणि त्यांना समजेपर्यंत सरांना पुढे जाता येत नसे. सरांना याहून चांगला परीक्षक कुठल्या विद्यापीठात मिळाला नाही.

गच्चीवर कुंड्यांत, पत्र्याच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत सरांची तिन्ही सूर्यफुलं वाढायची. बी परदेशातून मोठ्या खटपटीने मागवलेलं, चिमूटभरच. ते पेरून, वाढवून त्याचं पुष्कळ बी करायचं आणि मग त्या बियांवर पट्ट्यांचा प्रयोग. यात एकच मोठी भीती होती, मधमाशीची. मधमाशीला नातीगोती कळत नाहीत. ती उंच्यावरून उठून वाळवंट्यावर बसते, आणि दोघांचा पराग मिसळला की पुढचं बी भेसळीचं. म्हणून प्रत्येक फुलाला कळी असतानाच पिशवी घालायची. फूल उमललं की पिशवी क्षणभर काढायची, त्याच जातीच्या शेजारच्या रोपाचा पराग ब्रशने लावायचा आणि पिशवी लगेच बांधायची. सगळ्या पिशव्या वहिनींनी जुन्या मलमलच्या साड्यांतून शिवल्या होत्या. प्रत्येकीला नाडी.

संध्याकाळच्या उजेडात ती पांढरी डोकी हलायची तेव्हा भीतीच वाटायची. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा माझ्यादेखत वर आले. "सर, ही मुंडकी काय टांगून ठेवलीयत तुम्ही? आमची मिसेस पापड काढायला गेलेली, किंचाळतच खाली आली."

"त्यांना सांगा, आत फक्त फुलं आहेत."

"मग झाकलीयत कशाला? फुलं काय झाकून ठेवायची वस्तू आहे का?"

यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "हेच मी म्हणते." सगळे हसले. सरही हसले.

त्या वर्षी हिवाळ्यात झाडं भरात होती. मधे काही दिवस सर पुण्याला एका प्रयोगशाळेत गेले होते, तिथलं थंड खोलीतलं यंत्र वापरायला मिळणार होतं म्हणून. झाडं वहिनींवर सोपवली. ब्रशने पराग लावायला त्या सरांइतक्याच तयार झाल्या होत्या. उन्हाळ्याआधी बी निघालं, आणि पावसाळाभर आमच्याकडे बोंबलाचा वास राहिला. मग एका दुपारी सर मधलं दार ढकलून आत आले. हातात काचेवरचा ओला थर, त्यावर निळे पट्टे. मी बघितलं. उंच्याचे पट्टे, बुटक्याचे पट्टे, आणि वाळवंट्याच्या रांगेत दोघांचेही.

"सापडलं," सर म्हणाले, आणि माझ्या स्टुलावर बसून रडले. मी दार लावून घेतलं.

निबंध लिहून त्यांनी दक्षिणेतल्या एका नियतकालिकाला पाठवला. याच सुमारास वहिनींचं पोट दुखायला लागलं. दुखणं कसलं आहे ते कळेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. वहिनींना कुणी काही सांगितलं नाही, आणि त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी एकच धोशा लावला, "तुमचं छापून येऊ दे. मला तेवढं बघायचंय." इतकी वर्षं मलमल फाडून पिशव्या शिवलेल्या बाईची ती एवढीच मागणी होती.

निबंध स्वीकारल्याचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. सर रजेवर होते, म्हणून ते घेऊन मीच कोपरला गेले, वाटेत पेढे घेतले. वहिनी खिडकीजवळच्या पलंगावर, अंगाने अगदी उतरलेल्या. सरांनी पत्र वाचलं, मग मोठ्याने मराठीत सांगितलं. वहिनींचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे बघितलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना ऊन दाखवलं, त्याचं फळ आहे हे."

"ऊन?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही ओरडला असता. तुम्ही पुण्याला होतात ना, तेव्हा रथसप्तमी आली. मी गच्चीवर रांगोळीचा रथ काढला, बोळक्यात दूध उतू घालवलं. सूर्याला नमस्कार करायला वळले, तर ही सगळी तोंडावर पिशवी घेऊन उभी. अहो, सूर्याचा सण, आणि सूर्यफुलांनी सूर्य बघायचा नाही? मला काही राहवेना. काढल्या सगळ्या."

पेढ्याचा पुडा माझ्या हातातच राहिला. सर पत्राची घडी घालत होते.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. एकाला दाखवायचा नि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसतं का?"

"किती वेळ?"

"ऊन उतरेपर्यंत. मग बांधल्या परत, होत्या तशा. काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! माश्या तर इतक्या आल्या, नुसत्या गुणगुणत होत्या. मी तिथेच बसून राहिले दिवसभर."

सरांनी घडी घातलेलं पत्र उशीजवळ ठेवलं. वहिनींच्या कपाळावरचे केस मागे केले. म्हणाले, "बरं केलंस."

मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. "मॅडम, त्यांना कळवायला हवं. छापू नका म्हणून."

मी भांडले. आवाज दाबून, पण भांडले. एका दिवसात माश्या अशा किती बिया बिघडवणार? तुम्ही इतक्या बियांचे पट्टे काढलेत. तुमचं म्हणणं बहुतेक खरंच असेल. आणि हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत आहे?

"त्या दिवशीचं बी कोणतं आणि बाकीचं कोणतं, ते आता देवालाही सांगता येणार नाही. वाळवंट्यात दोघांचे पट्टे सापडले, ते हजारो वर्षांपूर्वी आले की रथसप्तमीला? मला माहीत नाही."

"पण खरं असलं तर?"

"खरं असणं वेगळं आणि मला माहीत असणं वेगळं."

मग नवं बी मागवा, पुन्हा करा, मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. बी यायला, झाडं वाढायला, पट्टे काढायला वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. आत खिडकीजवळ जे माणूस होतं त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता. सरांनी मला ते बोलून दाखवलं नाही. खाली जाताना शेवटची पायरी मोडकी आहे, जपून उतरा, एवढं सांगितलं.

त्यांनी नियतकालिकाला खरंच कळवलं. वहिनींचं नाव त्यात आलं नाही. 'पिशव्यांची काळजी माझ्याकडून नीट घेतली गेली नाही,' असं सरांनी लिहिलं. कॉलेजात बातमी पसरली तेव्हा लोकांना नवीन विषय मिळाला. इतकी वर्षं बर्फ वाहिला आणि शेवटी साधी पिशवी बांधता आली नाही, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. मी त्या माणसाशी पुढे कधी बोलले नाही. सर त्याच्याशी बोलत राहिले, त्याच्याकडून पंचिंग मशीन मागत राहिले.

नव्वदच्या दशकात, सर निवृत्त झाल्यावर, परदेशातल्या लोकांनी थेट डीएनए तपासून दाखवलं की वाळवंटातली काही रानटी सूर्यफुलं खरोखरच अशा संकरातून आलेली आहेत. ते ज्यात छापून आलं तो अंक बघायला सर मुद्दाम ठाण्याला, कॉलेजात आले. मला माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तसंच आहे हो." चेहऱ्यावर निखळ आनंद. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. शोध दुसऱ्याच्या नावावर लागला आणि हा माणूस पाहुण्याच्या घरी मूल झाल्यासारखा खूश! त्यांनी नंतर पुन्हा कधी गच्चीवर काही लावलं नाही. मीही विचारलं नाही. आता तेही नाहीत. कोपरची ती इमारत पाडून तिथे मोठी उभी राहिली आहे.

पण माझ्या मनात त्यांचं जे चित्र आहे ते पट्ट्यांपाशी रडणाऱ्या माणसाचं नाही आणि अंक बघून हसणाऱ्या माणसाचंही नाही. वहिनींच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आहे. त्या रोज विचारायच्या, "आलं का छापून?" सर रोज म्हणायचे, "छापखान्यात आहे." बाळाच्या नाकाबद्दलसुद्धा ज्यांना खोटं बोलता आलं नाही, ते हे रोज म्हणत होते, आणि रोज ते वाक्य बोलताना कानापर्यंत लाल होत होते. त्या दुपारी मी पेज घेऊन गेले होते. वहिनींना दोन चमचे जेमतेम गेली. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"आलं," सर म्हणाले.

ते आतून एक अंक घेऊन आले. मी तो लांबूनच ओळखला. आमच्या लायब्ररीतला, जुना, गव्हावरच्या तांबेऱ्याविषयीचा. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, आणि आता डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. त्यांनी पानावरून हात फिरवला. "तुमचं नाव कुठाय?" सरांनी त्यांचं बोट धरून कुठल्यातरी ओळीवर ठेवलं. मग पलंगाच्या कडेला बसून वाचायला लागले.

त्यांनी सगळा निबंध मराठीत वाचून दाखवला. उंचं, बुटकं, वाळवंटी. बिया कशा आणल्या, कशा पेरल्या, पट्टे कसे काढले. मधेमधे पान उलटत होते. वहिनी दोनदा "म्हणजे काय?" म्हणाल्या आणि दोन्ही वेळा सरांनी थांबून समजावलं. शेवटी वाळवंटी हे त्या दोघांचंच मूल, इथवर आले तेव्हा वहिनींनी डोळे मिटून मान डोलावली. मला वाटलं झोप लागली.

"शेवटी आभार असतात ना?" त्यांनी विचारलं. "माझं नाव घातलंत?"

"घातलंय. 'सर्व पिशव्या माझ्या पत्नीने शिवल्या. परागीकरणातही तिने मदत केली.'"

"आणि त्या दिवशी काढल्या, ते?"

सरांनी पान उलटलं. मी पेजेचं भांडं घट्ट धरून उभी होते.

"तेही आहे," ते म्हणाले. "'रथसप्तमीच्या दिवशी तिने सर्व फुलांना सूर्य दाखवला.'"

"हं. बरं झालं लिहिलंत," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर लोकांना वाटायचं, सगळं तुम्ही एकट्यानेच केलंत."

सर हो म्हणाले.